बॅकअप ज्याचा त्याने घ्यायचा, तर आयटी कशाला ठेवलंय?

वागळे२२: काल इथे एकाने लिहिलं, "सर्व्हरवर प्रत्येकाला फोल्डर दिलाय. तिथे फाइल ठेवली नाही आणि गेली, तर गेली. आयटीच्या नावाने खडे फोडू नका." वाचून डोकंच फिरलं. चौदा वर्षं वागळे इस्टेटमध्ये आयटीचंच काम करतोय. माणूस फाइल डेस्कटॉपवरच ठेवतो. आमचे एस्टिमेशनवाले काका, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, अकरा वर्षांचे रेट 'न्यू फोल्डर ३' मध्ये. हार्डडिस्क दोन दिवस टक-टक करत होती, तिसऱ्या दिवशी बसली. रिकव्हरीवाल्याने ३८ हजार घेतले, निम्म्या फाइल उघडल्याच नाहीत. झेड ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर, काकांना माहीत होता बरं का. त्यात फराळाच्या ऑर्डरची यादी होती. कुणाला न विचारता रात्री सगळ्या मशिनांवरून डेटा ओढायचा, दुसरा इलाज नाही.

तुर्भेकर: लिहिणारा मीच. चाळीस मशिनं सांभाळतो. युजर फोल्डर ओढला की काय येतं सांगू? एकाचा 'हळद' नावाचा फोल्डर, लग्नाचे व्हिडिओ, ९० जीबी. आमचा नेटवर्कचा स्विच १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. एक टीबी ओढायला जवळजवळ अख्खा दिवस. वर आउटलुकची २० जीबीची पीएसटी, म्हणजे सगळे मेल एकाच फाइलमध्ये, एक मेल आला की सगळी फाइल बदलली!

वागळे२२: मग दहापट वेगाचा गिगाबिट स्विच मागा, हळदीला दोष कसला देता? एकदा पूर्ण घ्या, पुढे फक्त बदललेलं. व्हिडिओ वगळा. उघड्या पीएसटीसाठी विंडोजची शॅडो कॉपी असते, चालू फाइलचीही प्रत घेते, हे तुम्हाला मी सांगायचं?

घोडबंदरी: मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन वनड्राइव्ह टाका, विषय संपला.

वागळे२२: ते सिंक आहे, बॅकअप नव्हे. इथे उडवलं की तिथलंही उडतं. कामाच्या अकाउंटला रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहतं. चौथ्या महिन्यात आठवण आली तर?

ऐरोलीची अकाउंटवाली: रात्री रात्री काय लावलंय? आमचा वॉचमन साडेसातला एमसीबी, म्हणजे विजेचा स्विच, पाडतो, साहेबांचा हुकूम. सकाळी रिपोर्टमध्ये ३१ मशिनांचा बॅकअप फेल, आणि आयटीवाला माझ्याकडे बघतो, जणू मीच पाडला.

महापे_मालक: माझ्या ऑफिसातही हाच हुकूम. बिल मी भरतो, मॅडम. एसी, पंखे, पीसी सगळं चालू ठेवून लोक ७:१०ची लोकल पकडायला पळतात.

वागळे२२: एसी पाडा ना! पीसीचं गणित करा. रिकामा पीसी ५० वॉट, चाळीस मशिनं, बारा तास, २४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी रात्रीचे २४०. काकांच्या ३८ हजारांत १५८ रात्री निघाल्या असत्या.

महापे_मालक: वर्षाचे किती होतात तेही लिहा की.

तुर्भेकर: पीसी बंद ठेवून वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून इशारा देऊन, उठवता येतात.

ऐरोलीची अकाउंटवाली: एमसीबीच खाली असेल तर नेटवर्क कार्डाला वीज कुठून येणार? उठवताय कुणाला, वॉचमनला?

उरणचा_पोरगा: एमसीबीला नावं ठेवू नका. जून २०१७ मध्ये नोटपेट्या व्हायरस आला, मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडकलं. मर्स्कचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर (कुणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) एकमेकांचीच कॉपी ठेवत होते, सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला. का? त्या वेळी तिथे लाइट गेली होती, तो नेटवर्कपासून तुटलेला!

महापे_मालक: मग आमच्या वॉचमनचा सत्कार करा.

वागळे२२: करा. पण मुद्दा कळला का? सतत जोडलेली कॉपी मशिनाबरोबरच मरते. बॅकअपची एक डिस्क काढून कपाटात ठेवा. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा. हे कुणी म्हणजे कुणी करत नाही.

ऐरोलीची अकाउंटवाली: कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर, हा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. साहेब, तो एमसीबी पाडून पाळला जातो का?

महापे_मालक: हिशेबाचं टॅली सर्व्हरवर आहे, सर्व्हर चालू असतो. उगाच घाबरवू नका. (पण सर्व्हरचा एमसीबी वेगळा आहे ना, उद्या विचारतो.)

तुर्भेकर: बरं बाबा, जिंकलात. फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ओढतो, दुपारी दीडला, सगळे डबा खात असताना. हळद घेणार नाही.

ऐरोलीची अकाउंटवाली: तुमच्याकडेही कुणी अकाउंटवाली असेलच. महिन्याच्या वीस तारखेला ती दीडला डबा खात नसते, जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरत असते. नेटवर्क रांगायला लागलं की तुमच्या टेबलापाशीच येईल.