शब्दचर्चा : स्म्योरब्र्योडला मराठीत काय म्हणाल?

चहाबाज : पुढच्या महिन्यात आम्ही दोघं चार दिवस कोपनहेगनला जातोय. जो तो स्म्योरब्र्योड खाऊन या म्हणतो. मराठीत त्याला 'उघडं सँडविच' म्हणतात, ते काही पटत नाही. सँडविच म्हणजे दोन पावांच्या मधलं काहीतरी. वरचा पावच नसेल तर ते सँडविच कसलं? नीट शब्द सुचवा, आणि कुठे खायचं तेही सांगा. बायको शाकाहारी आहे, अंडं चालतं.

उत्तरध्रुवी : सात वर्षं इथे डेन्मार्कात राहतोय, म्हणून तोंड घालतो. आधी उच्चार. शेवटचा ड आपला नाहीच. जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून 'ल' म्हणायला जा आणि अर्ध्यात सोडून द्या. मी पहिलं वर्षभर ठणठणीत ड म्हणत होतो, ऑफिसातले लोक मान खाली घालून हसायचे. अर्थ सोपा: स्म्योर म्हणजे लोणी, ब्र्योड म्हणजे पाव.

माखणचोर : मग गंमत बघा. डॅनिश स्म्योर आणि इंग्रजी 'स्मिअर' सख्खी भावंडं. मूळ चरबीचं, फासण्या-चोपडण्याचं. संस्कृतात म्रक्षण म्हणजे चोपडणं. त्यातूनच हिंदीचं मक्खन आलं आणि आपलं 'माखणं'ही. बाळाला न्हाऊमाखू घालतो ना, तेच. हिंदीनं लोणी उचललं, आपण क्रिया ठेवली. डॅनिशमध्ये मात्र लोणीही त्याच शब्दाचं आणि माखणंही. माझं मत 'माखली भाकर'.

शब्दवेडी : भाकर कशी? भाकरी बिनआंबवलेली, तव्यावरची. हा तर राय नावाच्या धान्याचा आंबवलेला पाव.

माखणचोर : ताई, 'माखला पाव' म्हणावं तर लोकांना इराण्याचा मस्कापाव आठवणार.

उत्तरध्रुवी : शब्दवेडीताई, पदार्थ म्हणून तुमचं बरोबर आहे. रुगब्र्योड, म्हणजे हाच रायचा पाव, काळसर, आंबूस, दाण्यादाण्यांचा, विटेसारखा जड पाव, पातळ कापलेला. पण डॅनिशमध्ये 'मॅड' म्हणजे अन्न, आणि वर काही ठेवलेला पावाचा एक काप तोही मॅडच. बटाट्याचा कार्टोफेलमॅड, अंड्याचा एगेमॅड. आपली भाकर पोटाचीही आणि ताटातलीही, तसंच. म्हणून मला भाकर चालते.
आणखी एक शब्द ऐका: टॅनस्म्योर, म्हणजे 'दातलोणी'. लोण्याचा थर इतका जाड की घास घेतल्यावर दातांचे ठसे उमटतात. तुपाची धार मोजून धरणाऱ्या घरात हा शब्द जन्मलाच नसता.

चहाबाज : दातलोणी! उचलला. आता ठिकाणं सांगा.

उत्तरध्रुवी : हाउसर प्लास चौकातलं शोनेमान, १८७७ पासूनचं. अक्वाविट या इथल्या कडक दारूची यादी वाचतानाच अर्धी चढते. पार्लमेंटच्या जवळ स्लॉट्सकेल्डरेन, १९१० चं, तिथे मांडून ठेवलेले प्रकार बघून निवडायचं. जुनेपणाचं ओझं नको असेल तर आमान्स. टिव्होली बागेत जाणारच असाल तर आतलं ग्रॉफ्टेन, १८७४ चं, कोळंबीसाठी नावाजलेलं.
बहुतेक ठिकाणी हा दुपारच्या जेवणाचा मामला. मी एकदा साडेचारला पोचलो तर खुर्च्या टेबलांवर उलट्या. आधी टेबल राखा.
आणि हाताने उचलू नका, काटासुरी घ्या. मी पहिल्यांदा हाताने उचललं. व्हिनेगरमधल्या हेरिंग माशाचा तुकडा कांद्यासकट पँटवर. वासाने दोन दिवस सोबत केली.

शब्दवेडी : क्रम असतो म्हणे?

उत्तरध्रुवी : असतो. आधी हेरिंग, मग बाकीचे मासे, मग मांस, शेवटी चीज. वहिनींसाठी कार्टोफेलमॅड: उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनीज, कांद्याची हिरवी पात असते तशी बारीक चिरलेली चाइव्ह, वर कुरकुरीत तळलेला कांदा. बटाट्याच्या भाजीवर वाढलेल्या माणसाला परकं वाटणारच नाही.
नावं वाचून मागवू नका. 'पशुवैद्याचं रात्रीचं खाणं' अशा नावाचा एक प्रकार आहे, त्यात डुकराच्या कलेजीचं मऊ वाटण, खारवलेलं बीफ आणि जेलीसारखा थिजवलेला मांसाचा रस. 'गुढजेमवरचा सूर्य' मात्र सुंदर: धुरावलेल्या हेरिंगवर कच्चा पिवळा बलक. गुढजेम बोर्नहोम बेटावरचं गाव.
पावावरचं नको, ताटातलं गरम जेवण हवं असेल तर स्टेग्ट फ्लेस्क, म्हणजे डुकराच्या पोटाचे तळलेले कुरकुरीत काप, सोबत बटाटे आणि पार्सलीचा पांढरा सॉस. २०१४ मध्ये मतदान घेऊन त्याला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं.

माखणचोर : हे सगळं रचणाऱ्याला वेगळा शब्द असेल ना?

उत्तरध्रुवी : आहे. स्म्योरब्र्योड्सयोम्फ्रू. योम्फ्रू म्हणजे कुमारिका. रीतसर शिक्षण घेऊन करायचा धंदा आहे, आणि मिशीवाल्या माणसालाही हेच म्हणतात.

चहाबाज : मराठीत?

शब्दवेडी : सुगरण. मिशी असली तरी.