व्हेनिसमध्ये जीव अडकलाय, पुन्हा जायचंय

प्रश्न (सोलापूर): टूरवाल्यांनी व्हेनिस अर्ध्या दिवसात उरकलं. आता स्वतःच चार दिवस जायचंय. तयारी कशी करू?

उत्तर १: आधी व्हिसा. इटलीसाठी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) व्हिसा लागतो; त्याचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

उत्तर २: मेस्त्रेत (व्हेनिसचाच जमिनीवरचा भाग) राहणं स्वस्त, रेल्वेने दहाएक मिनिटं. पण मग पहाटेचं रिकामं व्हेनिस हुकतं, आणि खरी मजा तीच! व्हापोरेत्तोचं (तिथली सार्वजनिक बोट) साधं तिकीट ७५ मिनिटं चालतं; चढण्याआधी मशीनला टेकवा, नाहीतर दंड. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलभर, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्यातून, फिरवते. बॅग हलकी ठेवा, बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत.

उत्तर ३: शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्या. पेढे नकोत, दुधाच्या पदार्थांना तिकडे बंदी आहे.