रिएन्ट्रन्सीला मराठीत काय म्हणावं?

जळगाव: कॉलेजातली पोरं हॅकिंग स्पर्धेची तयारी करताहेत. 'इथरनॉट' या इथेरियम हॅकिंगच्या ऑनलाइन खेळातलं एक कोडं मराठीतून समजावताना 'रिएन्ट्रन्सी'पाशी गाडी अडली. 'पुनःप्रवेश' म्हटलं की पोरांना ॲडमिशनची दुसरी फेरी आठवते. काही सुचतं का?

धुळे: आधी तिथे घडतं काय ते सांगा भाऊ, शब्द मागून.

जळगाव: कॉन्ट्रॅक्ट म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम, त्यात लोकांचे इथर, म्हणजे तिथलं चलन, जमा असतात. पैसे काढायचं विथड्रॉ फंक्शन शिल्लक बघतं, पैसे पाठवतं आणि खात्यातून वजा करतं सगळ्यात शेवटी. पैसे घेणारंही कॉन्ट्रॅक्टच असलं, तर ते पोचताच त्याचं रिसीव्ह फंक्शन चालतं. त्यात पुन्हा विथड्रॉला हाक मारून ठेवायची. वजाबाकी झालेलीच नसते, म्हणून शिल्लक होती तेवढीच दिसते आणि पैसे परत निघतात. तिजोरी कोरडी होईस्तोवर हेच. जून 2016 मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर असेच गेले.

भुसावळ: मग सरळ 'फेरउचल' म्हणा की!

धुळे: 'फेर' पटत नाही. फेरमतदान, फेरतपासणी... पहिलं उरकल्यावर दुसरं. इथे पहिली उचल अजून लटकलेली आणि तिच्याच पोटात दुसरी. 'घुसखोरी' तर नकोच, हा रीतसर खातेदार आहे, पुढच्या दाराने आलाय.

चाळीसगाव: 'उचल' मात्र सोडू नका. अडत्याकडे उचल मागितली तर तो आधी वहीत नावे टाकतो, मग नोटा मोजतो. या कॉन्ट्रॅक्टाने नोटा आधी मोजल्या. दोष परत आत शिरण्यात नाही, नावे उशिरा टाकण्यात आहे. म्हणून 'नोंदीआधीची उचल'. उपायही त्यातच आला: आधी तपासा, मग नावे टाका, पैसे शेवटी.

जळगाव: हे बेस्ट. स्पर्धेत रिएन्ट्रन्सीच म्हणू, समजावताना हे.

नंदुरबार: पण मी तोच हल्ला सॉलिडिटीच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेच्या, नव्या आवृत्तीत लिहून पाहिला, सगळंच रिव्हर्ट झालं. असं का?

चाळीसगाव: कोडं सॉलिडिटी 0.6 चं आहे. 0.8.0 पासून वजाबाकी शून्याखाली गेली की व्यवहारच फिरतो. आतली उचल संपून हिशेब मागे येतो, पहिल्या वजाबाकीत शिल्लक शून्य, पुढचीला वजा करायला काही उरतच नाही. मात्र लिहिणाऱ्याने वजा न करता शेवटी थेट शून्य लिहिलं असेल, तर नव्या आवृत्तीतही तिजोरी मोकळीच. 'आता भाषाच सांभाळते' असं पोरांना सांगू नका.

भुसावळ: रिव्हर्टला 'उलटणे' चालेल?

धुळे: उलटते ती बैलगाडी. 'रद्द होणे' म्हणा, फक्त तोवर जळालेला गॅस, म्हणजे व्यवहार चालवायचं शुल्क, परत मिळत नाही, तेही सोबत सांगा.