‘सायलेंट लेटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (नागपूरच्या धरमपेठहून): मुलगी सहावीत आहे. काल ‘नाइफ’चं स्पेलिंग पाठ करता करता थांबली. “आई, के बोलायचाच नाही तर लिहायचा काहून?” सायलेंट आहे, एवढंच मला सांगता आलं. याला नेमका मराठी शब्द कोणता? आणि तिला कारण काय सांगू?

उत्तर: ताई, ‘अनुच्चारित अक्षर’ हा शब्द बिनचूक आहे, घरात ‘मुकं अक्षर’ म्हणा. ‘मूक वर्ण’ मात्र नको. वर्ण म्हणजे मूलध्वनी, आणि जो ऐकूच येत नाही तो ध्वनी कसला? अक्षर हे ध्वनीचं चिन्ह, म्हणून ते मुकं असू शकतं.

कारण विचाराल तर, यातली काही अक्षरं नंतर मुकी झाली, काही जन्मापासूनच मुकी आहेत. नाइफ, नी (गुडघा), नाइट (सरदार) यांतला के इंग्रज एकेकाळी स्वच्छ उच्चारत. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतो. इंग्रजांच्या तोंडून तो के सतराव्या शतकाच्या सुमारास गळत गेला, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग बरंचसं पक्कं केलं होतं. इंग्लंडातला पहिला छापखाना, कॅक्स्टनचा, 1476 चा.

‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातल्या बीची गोष्ट उलटी. हा शब्द फ्रेंचमधून ‘डेट’ असाच आला. मूळ लॅटिन ‘डेबिटुम’ आहे हे दिसावं म्हणून विद्वानांनी बी मागाहून घातला. तो इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नाही. पावतीच्या ‘रिसीट’मधला पी असाच. म्हणून बर्डीच्या बाजारात कोणी ‘रिसीप्ट’ म्हणालं, तर त्याला हसू नये. तो लिहिलेलं प्रामाणिकपणे वाचतो आहे. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजाचा: शब्द अस्सल जुना इंग्रजी, पण ‘आइल’ (बेट) या दुसऱ्याच शब्दाशी नातं जोडून एस चिकटवला.

नागपूरच्याच महाल भागातून: आपल्याकडे बरं, जसं लिहितो तसंच बोलतो.

उत्तर: काका, तसं पूर्ण नाही. ‘नागपूर’च म्हणून पाहा. ग आणि र पूर्ण लिहितो, बोलतो ‘नाग्पूर्’. तिथे अ मुका आहे. शिवाय आपल्या आजोबांच्या पत्रांत ‘दांत’, ‘कांटा’, ‘पांच’ असत. ते अनुस्वार उच्चारात नव्हते. दन्त, कण्टक, पञ्च या मूळ शब्दांची खूण म्हणून लिहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले. लिहिणं सोपं झालं, ते मला पटतं. तरी जुन्या कागदावर ‘दांत’ दिसला की त्यातला दन्त भेटतो, त्याचा आनंद होतो.

धरमपेठहून: तिला ‘क्नी’ म्हणून दाखवलं. आता घरभर ‘क्नाइफ दे’ चाललं आहे, आणि स्पेलिंग एकदाही चुकलं नाही.