वेब डिझायनर हवा, पण कामं पाच जणांची!
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्यात वेब डिझायनरची मुलाखत देऊन आलो. मला फिग्मा, एचटीएमएल, सीएसएस (म्हणजे वेबसाइटच्या पानाचं डिझाइन आणि मांडणी) चांगलं येतं, पान हलतं-बोलतं करणारी जावास्क्रिप्ट कामापुरती. मालकांना शिवाय पीएचपी, मायएसक्यूएल (सर्व्हरवरचा कोड आणि डेटाबेस), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय), एसईओ (गुगलच्या शोधात साइट वर आणणं), चादरींचे फोटो आणि इन्स्टाग्रामच्या रील्सही हव्यात. वर "प्रिंटर बंद पडला तर बघशील ना?" पगार मात्र एकाचाच! पानाची मांडणी करणं वेगळं आणि सर्व्हरवर ऑर्डरींचा हिशोब ठेवणारा कोड लिहिणं वेगळं, हे त्यांना पटेचना. माणूस वाईट नाही हो, दोनदा चहा पाजला. आईमुळे मला नोकरीसाठी पुण्याला जाता येत नाही. नेमणूकपत्रात कामाची हद्द कशी लिहून घेऊ? कुणाकडे नमुना आहे का? सोमवारी उत्तर द्यायचंय.