सुगंधी चहा : पहिल्या घोटाच्या हकिगती

गेल्या दिवाळीला भाच्याने सुगंधी चहाच्या बारा लहान डब्यांची एक पेटी आणून दिली. साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या घरी चहा म्हणजे आले ठेचून, दूध घालून आणि दोनदा चांगला वर येऊ देऊन केलेला चहा, त्यामुळे ती पेटी दोन महिने फडताळात नुसती शोभेला होती. एका सकाळी रोजची चहापूड संपलेली निघाली, म्हणून नाइलाजाने तिच्यातली पहिली डबी उघडली. ती अर्ल ग्रेची होती. मी नेहमीच्या सवयीने दोन चमचे पूड, साखर आणि दूध एकत्र खळखळून उकळले, आणि जे काही कपात आले ते गरम दुधात लिंबाचे साल पडल्यासारखे लागले. सौभाग्यवतींनी एक घोट घेऊन कप शांतपणे माझ्याकडे सरकवला.

चूक अर्थातच माझी होती. अर्ल ग्रेचा सुगंध बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलाचा असतो, हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रिया भागात होते, आणि ते तेल इतके उडून जाणारे असते की उकळत ठेवले तर घरभर दरवळते आणि कपात मात्र काही उरत नाही. दुसऱ्या खेपेला मी पाण्याला आधण आल्यावर गॅस बंद केला, 200 मिलीलिटर पाण्यात सपाट एक चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम पत्ती टाकली आणि तीन मिनिटे झाकण ठेवले. झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब हुंगून पाहिले, तर कपापेक्षा त्यांनाच जास्त वास होता! तेव्हापासून झाकणावरचे थेंब पुन्हा कपात झटकून घेण्याची मला सवय लागली आहे. तो चहा दुधाविना, साखरेविना प्यालो आणि आवडला. तरी एक शंका मनात राहिलीच, की मला नेमका चहा आवडला की त्या सालीचा वास.

याच शंकेपोटी हा धागा काढत आहे. सातारा-सांगलीकडच्या चहाबाजांनी आपापले अनुभव लिहावेत. पाणी किती, पत्ती किती, झाकण किती वेळ हे जमेल तसे सांगावे, आणि मोरीत ओतलेल्या कपाचीही हकिगत संकोच न करता लिहावी. ज्यात कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची पाने नाहीत त्याला जाणकार लोक चहा म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण आपल्या परसातल्या गवताचेच नाव गवती चहा असल्यामुळे इथे तेवढे सोवळे पाळण्याचे कारण नाही.

मिरजेहून

गवती चहाचा विषय आपणच काढलात म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे त्याची पाने गाठ मारून आधणात टाकण्याची पद्धत होती. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत पाने कात्रीने बारीक कापून गॅस बंद केल्यावर टाकली आणि वर झाकण ठेवले. फरक इतका होता की आईने ‘आज पाने जास्त घातलीस का’ असे विचारले, आणि प्रत्यक्षात ती निम्मीच होती. कापल्यामुळे पानातले तेल लवकर सुटते आणि न उकळल्यामुळे ते उडून जात नाही, एवढाच त्यातला कार्यकारणभाव. दूध घालणार असाल तर ते वेगळे तापवून नंतर घालावे.

सातारा तालुक्यातून, निवृत्त सैनिक

माझी ओळख सुगंधी चहाशी झाली ती फौजेत, काश्मीरच्या नेमणुकीवर असताना. तिथे कहवा करतात तो हिरव्या पत्तीचा, दालचिनी, वेलदोडा आणि केशराच्या चार काड्या घालून, आणि पेल्यात बदामाचे काप टाकून देतात. तो ज्या समोवारात होतो त्याच्या मधोमध निखाऱ्यांची नळी असते आणि भोवती पाणी, त्यामुळे तो तासन्‌तास गरम राहतो. कहवा पहिल्या घोटालाच आवडला, त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही.

सांगण्यासारखी गोष्ट आहे नून चायची. एका घरी आम्हांला फिकट गुलाबी रंगाचा, वर साय धरलेला चहा मिळाला. गुलाबाचे दूध असावे अशा समजुतीने मी मोठा घोट घेतला आणि तो खारट निघाला! पाहुणचार करणाऱ्यांच्या समोर तोंड वाकडे करणे शक्य नव्हते, म्हणून पूर्ण प्याला संपवला, आणि संपला हे पाहून त्यांनी लगेच दुसरा भरला. पुढे कळले की हिरवी पत्ती खाण्याच्या सोड्याबरोबर बराच वेळ उकळतात, त्यामुळे पाणी गडद लाल होते आणि दूध पडल्यावर गुलाबी दिसते. त्यात गुलाबाचा काही संबंध नसतो. हिवाळा संपेपर्यंत मला तो खारटपणा आवडू लागला होता. निवृत्तीनंतर गावी एकदा करून पाहिला, पण घरात कोणी दुसरा घोट घेतला नाही. कहवा मात्र आमच्याकडे अजून होतो, फक्त केशराच्या काड्या सूनबाई मोजून देतात.

सांगलीहून, गावभाग

माझा अनुभव थोडा लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

चीनमधल्या फुजियान प्रांतात, विशेषतः फूचौ शहराच्या परिसरात, जाईजुईच्या जातीच्या फुलांनी सुवासिक केलेला चहा पिढ्यानपिढ्या केला जातो, आणि त्यासाठी वापरतात ते फूल म्हणजे दुसरेतिसरे कोणते नसून आपला मोगराच, हे वाचल्यापासून मला स्वस्थता नव्हती. आमच्या परसात मोगऱ्याचे दोन वेल आहेत आणि चैत्र-वैशाखात रोज शंभरेक कळ्या निघतात. बाजारातून 100 ग्रॅम साधी हिरवी पत्ती आणली, स्टीलच्या डब्यात पत्तीचा एक थर, फुलांचा एक थर असे रचून झाकण घट्ट लावले आणि तीन दिवसांनी उघडले. आत फुले तपकिरी पडली होती, पत्ती ओलसर झाली होती आणि वास अगदी निर्माल्याच्या परडीचा येत होता. 100 ग्रॅम पत्ती कुंडीत गेली.

मग कृती नीट वाचली. तिथे कळ्या दुपारी खुडतात, कारण त्या रात्री उमलतात आणि उमलतानाच सुवास सोडतात. पत्ती कोरडी असल्यामुळे तो वास आणि त्याबरोबर फुलांमधला ओलावाही शोषून घेते. सकाळी फुले चाळून काढून टाकतात, पत्ती पुन्हा सुकवतात आणि ताज्या फुलांबरोबर हाच क्रम अनेक वेळा करतात. म्हणजे माझ्या डब्यात दोन चुका झाल्या होत्या : फुले वेळेवर काढली नाहीत आणि वाफेला वाट ठेवली नाही.

दुसऱ्या खेपेला 50 ग्रॅमच पत्ती घेतली. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या पत्तीबरोबर परातीत पसरून वर पातळ सुती कापड टाकले. सासूबाईंना हा उद्योग प्रथम पसंत नव्हता. ‘देवाची फुलं चहात घालायची म्हणजे काय गं?’ असे त्यांनी दोनदा विचारले; पण नंतर त्यांनीच तोडगा काढला आणि रोज कळ्या मोजून वाटणी करून दिली, पंचवीस देवाला आणि बाकीच्या चहाला. रात्री अकराच्या सुमारास कापडाखाली हात घातला तेव्हा पत्ती चक्क कोमट लागली. सकाळी फुले वेचून काढली. आदल्या दिवशी बोटांत चुरली की कुरकुरणारी पत्ती आता नुसती वाकत होती. ती मी तव्यावर मंद आचेवर सुकवायला गेले आणि मोगऱ्याऐवजी भाजक्या पाल्याचा वास आला, म्हणून त्या दिवसाची मेहनत वाया गेली असे समजून पुढच्या खेपांना ती पंख्याखाली सावलीत सुकवली. असे चार रात्री केले.

पाचव्या दिवशी पाणी उकळून साधारण 80 अंशांवर येऊ दिले; त्यासाठी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पातला तापमापक कामी आला. दोन मिनिटांनी गाळून पहिला घोट घेतला, तर नाकाला फारसे काही जाणवले नाही आणि माझा चेहरा उतरला. पण घोट गिळून श्वास सोडला तेव्हा घशाच्या मागून मोगरा आला. विकतच्या पाकिटात वास आधी नाकात भरतो आणि मग चहा पानचट लागतो. इथे आधी पत्तीचा हलका तुरटपणा आला आणि फूल मागाहून. धागाकर्त्यांच्या शंकेला माझ्यापुरते उत्तर त्या क्रमात मिळाले.

एक सूचना आवर्जून करते. बाजारातली फुले यासाठी वापरू नयेत, कारण त्यांच्यावर काय फवारले आहे ते आपल्याला कळत नाही.

कराडहून

मला मित्राने लॅपसांग सूचाँग दिला. हाही फुजियानचाच, वूयी डोंगरातला, पण याची पत्ती पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेली असते. पाकीट फोडल्यावर पाच मिनिटांच्या आत शेजारच्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘काय करपलं का हो तुमच्याकडं?’ चव मात्र मला थेट पाटणकडच्या आजोळी घेऊन गेली, जिथे चुलीवरच्या चहाला, दुधाला आणि भाकरीलाही तोच धूर लागलेला असायचा. माझ्या बायकोला वाटते की ज्या वासापासून सुटका व्हावी म्हणून तिच्या आईने गॅस घेतला, तो पैसे मोजून विकत घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. शिवाय ते पाकीट आठ दिवस फडताळात उघडे राहिले आणि शेजारच्या डब्यातल्या रोजच्या चहालाही धूर लागला. पत्ती कोणताही वास ओढून घेते, त्यामुळे सुगंधी चहा घट्ट झाकणाच्या डब्यात आणि मसाल्यांपासून दूर ठेवावा.

वाईहून

महाबळेश्वरला एका दुकानात स्ट्रॉबेरी चहा घेतला. पिशवी पाण्यात बुडवल्याबरोबर तिसरीत असताना कंपासपेटीत असलेल्या सुगंधी खोडरबराची आठवण झाली. वेष्टनावरचा मजकूर वाचला तेव्हा त्यात फळ नव्हतेच. काळा चहा, हिबिस्कस आणि स्वाद एवढेच होते. हिबिस्कस म्हणजे ज्या लाल अंबाडीच्या पाल्याची आपण भाजी करतो तिच्या बोंडांचे मांसल आवरण, आणि लाल रंग व आंबटपणा दोन्ही तिचेच. हे वाचायच्या आधी मी दूध घालून बसले होते आणि ते डोळ्यांदेखत फाटले. स्ट्रॉबेरीच्या गावात जाऊन स्ट्रॉबेरी नसलेला चहा आणला, हे घरी अजून ऐकवले जाते. त्यापेक्षा निवलेल्या कोऱ्या चहात दोन ताज्या फळांच्या चकत्या टाकून तासभर ठेवल्या, तो प्रकार कितीतरी बरा झाला.

सांगलीहून, विश्रामबाग

पाण्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात कोरा चहा केला की पाच मिनिटांत वर तेलकट दिसणारा तवंग येतो आणि तो कपाच्या कडेला तपकिरी वर्तुळ करून बसतो. हा तेलाचा नसून जड पाण्यातल्या चुन्याचा आणि चहातल्या घटकांचा असतो. लिंबाचे दोन थेंब पडले की येत नाही. त्याच पत्तीचा अर्ल ग्रे गाळणयंत्राच्या पाण्यात केला तेव्हा रंग उजळला आणि सुगंध कळला. महाग पत्तीला दोष देण्याआधी पाणी बदलून पाहावे, एवढेच.

सांगलीहून, निवृत्त शिक्षक

मी पंचाहत्तरीचा आहे आणि हे सर्व प्रकार म्हणजे चहाला अत्तर लावणे आहे असे माझे मत होते. नातीने माझी परीक्षा घ्यायचे ठरवले. तिने व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, जर्दाळू, अर्ल ग्रे आणि पुदिना असे पाच चहा सारख्याच पेल्यांत, सारखेच गरम करून मांडले, माझ्या डोळ्यांवर उपरणे बांधले आणि पहिल्या फेरीत मला नाक चिमटीत धरायला लावले. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, जर्दाळू आणि अर्ल ग्रे या चारांत मला तसूभरही फरक करता आला नाही, चारही नुसते कोमट आणि तुरट. पुदिना तेवढा ओळखला, कारण त्याचा गारवा जिभेलाही लागतो. आपण ज्याला स्वाद म्हणतो तो बहुतेक वास असतो, हे मी पुस्तकात वाचले होते, पण स्वतःचे नाक धरेपर्यंत पटले नव्हते. आणि नाक धरल्यावर जो तुरटपणा मागे उरला तोच चहा, असे मी नातीला सांगितले.

दुसरी फेरी नाक मोकळे ठेवून झाली. पाचांपैकी तीन बरोबर आले. त्या यशाच्या भरात तिने पुढे केलेला सहावा पेलाही मी घेतला, दोनदा हुंगला, बशीत ओतून एक घोट घेतला आणि हा जर्दाळूच, आणि मघापेक्षा उंची दर्जाचा, असे ठामपणे जाहीर केले. उपरणे सोडल्यावर तिने ओट्यावरचा डबा दाखवला. तो आमच्या रोजच्या किराणा दुकानातल्या सुट्या चहापुडीचा होता.