इंग्लंडमध्ये माउंटन बाइक नेमकी कोणत्या वाटेवर न्यावी? कॉट्सवोल्ड्समधील एक फजिती आणि साउथ डाउन्सचा बेत

मंदगती

नमस्कार. मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षापासून माउंटन बाइक चालवू लागलो आहोत. मे महिन्यात आम्ही कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात, विंचकम या गावी गेलो होतो. तेथे ‘कॉट्सवोल्ड वे’ या लांब पल्ल्याच्या वाटेच्या पाट्या दिसल्या, म्हणून त्यांच्या मागोमाग सायकली काढल्या. मधाच्या रंगाच्या दगडांची घरे मागे पडली, मेंढ्यांची कुरणे लागली आणि त्यापाठोपाठ लाकडी पायऱ्यांचे अडसर, म्हणजे स्टाइल, येऊ लागले. तीन स्टाइलवरून आम्ही सायकली उचलून पलीकडे नेल्या. चौथ्या शेतात मात्र शेताच्या मालकाने आम्हाला थांबवले आणि ही वाट फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा कृपया मागे फिरा, असे शांतपणे पण ठामपणे सांगितले. मुलापुढे मला अगदी ओशाळल्यासारखे झाले.

माझे दोन प्रश्न आहेत. जो मार्ग राष्ट्रीय म्हणून गणला जातो आणि नकाशावर ठळकपणे दाखवला जातो, त्यावर सायकलला मनाई कशी? आणि सप्टेंबरच्या मध्यावर दोन दिवस मोकळे आहेत, तेवढ्यात दक्षिण इंग्लंडमधील टेकड्यांवरून जाणारा ‘साउथ डाउन्स वे’ पूर्ण होऊ शकेल का? पक्क्या रस्त्यावर दिवसाला चाळीस किलोमीटर आम्हाला सहज जमतात.

नकाशेबाज

मंदगती, फूटपाथ या शब्दाने बहुतेकांची अशीच फसगत होते. आपण मराठीत रस्त्याच्या कडेच्या पदपथाला फूटपाथ म्हणतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात फूटपाथ म्हणजे खासगी शेताकुरणांतून जाणारी, पण जनतेला पायी चालण्याचा कायदेशीर हक्क असलेली वाट. जमीन मालकाचीच राहते, हक्क केवळ चालण्याचा असतो. सायकलचा हक्क तेथे नाही आणि कॉट्सवोल्ड वेचा बराचसा भाग अशाच फूटपाथांवरून जातो. ‘राष्ट्रीय मार्ग’ ही पदवी मिळाली म्हणून वाटेचा कायदेशीर प्रकार बदलत नाही. फूटपाथवर सायकल चालवणे साधारणपणे गुन्हा ठरत नाही, दिवाणी स्वरूपाचे अतिक्रमण ठरते. तरीही मालकाने सांगितल्यावर मागे फिरणे हेच योग्य होते.

सायकलचा हक्क आहे तो ब्रिडलवेवर, म्हणजे मूळच्या घोडेवाटेवर. १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टमधील तिसाव्या कलमाने तो मिळाला आणि त्याच कलमात अशी अटही आहे की सायकलस्वाराने पादचाऱ्यांना व घोडेस्वारांना आधी वाट द्यावी. आणखी एक बारकावा फारच थोड्यांना ठाऊक असतो: ती वाट सायकलस्वारांच्या सोयीची करून ठेवण्याचे बंधन हे कलम कोणावरही घालत नाही. त्यामुळे घोड्यांच्या खुरांनी खणलेला, चाक आसापर्यंत रुतेल असा चिखल लागला तरी तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

जागेवर ओळखण्याची खूण म्हणजे खांबावरील बाणाचा रंग. पिवळा बाण फूटपाथचा, निळा ब्रिडलवेचा, जांभळा रेस्ट्रिक्टेड बायवेचा, म्हणजे मोटारींना बंद असलेल्या वाटेचा, आणि लाल सर्व वाहनांना खुल्या असलेल्या बायवेचा. पिवळा सोडून बाकी तिन्हींवर सायकल चालते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर नकाशात फूटपाथ आखूड हिरव्या रेघांनी आणि ब्रिडलवे लांब हिरव्या रेघांनी दाखवतात. हा फरक पडद्यावर चटकन लक्षात येत नाही, म्हणून मी अजूनही कागदी नकाशा बाळगतो. स्टाइल दिसली की मात्र नकाशा न उघडताही शंका घ्यावी, कारण घोडा स्टाइल ओलांडत नाही. ब्रिडलवेवर फाटकच असते आणि पुष्कळदा त्याची कडी घोड्यावर बसूनच उघडता यावी म्हणून तिला उंच, लांब दांडा लावलेला असतो.

लांबपल्ला

साउथ डाउन्स वेबद्दल निःशंक राहा. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंतचे हे १६० किलोमीटर सायकलस्वारांना सलग खुले आहेत. फक्त शेवटी, आल्फ्रिस्टनपाशी, मार्ग दुभंगतो: पादचारी सेव्हन सिस्टर्स या समुद्रकाठच्या कड्यांवरून जातात आणि सायकलने विंडोव्हर हिल चढून जेव्हिंग्टन गावातून जावे लागते. तो चढ वाया जात नाही, कारण खडूच्या उतारावर रेखलेल्या, सुमारे ७२ मीटर उंच ‘लाँग मॅन ऑफ विल्मिंग्टन’ या आकृतीच्या डोक्यावरून वाट जाते. आकृती अर्थातच वरून नीट दिसत नाही, ती खालच्या रस्त्यावरूनच पाहावी.

दोन दिवसांत हा मार्ग पुष्कळ जण करतात. ॲम्बर्ली साधारण मध्यावर येते, तेथे मुक्काम करावा. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे, म्हणजे नैर्ऋत्येचा नेहमीचा वारा बहुतेक वेळ पाठीशी राहतो. मी स्वतः असाच गेलो आणि पुन्हा जाईन.

तिसरा गिअर

लांबपल्ला यांच्या उत्साहाचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. पक्क्या रस्त्यावरचे चाळीस किलोमीटर आणि येथे दिवसाला लागणारे ऐंशी किलोमीटर यांची तुलना होत नाही. पूर्ण मार्गात चार हजार मीटरांच्या आसपास चढाई आहे. डाउन्स हे नाव ऐकून उतार डोळ्यांसमोर येत असतील, तर तो शब्द जुन्या इंग्रजीतील टेकडीवाचक ‘डून’वरून आला आहे, हे लक्षात घ्यावे. येथील एकही टेकडी तीनशे मीटरांना पोहोचत नाही. अडचण अशी की कमावलेली सगळी उंची दर नदीपाशी परत द्यावी लागते. आरुन, अडूर, ऊझ आणि ककमिअर या चार नद्यांनी ही रांग कापली आहे आणि प्रत्येक खोऱ्यात समुद्रसपाटीच्या जवळ उतरून पुन्हा दोनशे मीटर चढायचे असते.

मुलासह पहिल्यांदा जात असाल तर पूर्ण मार्गाचा हट्ट सोडा आणि ॲम्बर्ली ते साउथईज एवढाच तुकडा घ्या. तो पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा आहे आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे. ॲम्बर्लीहून निघाल्याबरोबर दम काढणारा चढ लागतो, पण एकदा माथ्यावर आलात की डावीकडे कुंपणाच्या झाडोऱ्यांनी आखलेली शेते व चर्चचे मनोरे आणि उजवीकडे समुद्र, असे कितीतरी वेळ चालते. वाटेत चॅन्क्टनबरी रिंग लागते: लोहयुगीन गढीच्या बांधावर १७६० साली लावलेली बीच वृक्षांची राई. त्यांतील बहुतेक झाडे १९८७च्या वादळात पडली, आज दिसतात ती नंतर लावलेली. पुढे अडूर नदीच्या पुलाजवळ, बोटॉल्फ्सपाशी, पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तेथे बाटल्या भरल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण खडूची जमीन पाणी धरत नाही आणि माथ्यावर झरा म्हणून सापडत नाही. थकवा आल्यास क्लेटनच्या जॅक आणि जिल या पवनचक्क्यांपासून हॅसक्स स्थानकावर उतरता येते. दम शिल्लक असेल तर डिचलिंग बीकनची २४८ मीटरांची उंची गाठून पुढे जा. साउथईजचे गोल मनोऱ्याचे छोटे चर्च अवश्य पाहा. तेथील स्थानकाजवळ यूथ हॉस्टेलही आहे. दुसऱ्या दिवशी पाय साथ देत असतील, तर ईस्टबोर्न तेथून पंचवीसेक किलोमीटर उरते.

मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा गिअर यांचा तुकडाच पक्का करतो. दोन शंका राहिल्या आहेत: आदल्या दिवशी पाऊस झाला तर बेत रद्द करावा का, आणि पत्नीला ई-सायकलवर सोबत यायचे आहे, ती ब्रिडलवेवर चालेल का?

नकाशेबाज

ई-सायकलची मोटर २५० वॉटपर्यंतची असेल, पायडल मारल्यावरच मदत करत असेल आणि ताशी २५ किलोमीटरच्या आसपास ती मदत बंद होत असेल, तर कायदा तिला साधी सायकलच मानतो. चालवणाऱ्याचे वय किमान १४ हवे, म्हणजे मधूनमधून मुलानेही चालवली तरी हरकत नाही. रेल्वेत सायकल न्यायची असल्याने सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळा. कंपनीनुसार नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तपासा.

तिसरा गिअर

पावसाने बेत रद्द करू नका, वेग मात्र निम्मा करा. येथील वाट फळ्यावर लिहितो त्याच खडूची आहे. कोरडी असताना ती टायर घट्ट धरते, पण ओली झाली की वर साबणासारखा पांढरा थर येतो आणि उतारावर पुढचा ब्रेक किंचित जोरात दाबला गेला तरी चाक आडवे सरकते. मी एकदा अशाच एका उतारावर काहीही चूक न करता पडलो, असे मला बराच काळ वाटत होते. प्रत्यक्षात वळणावर ब्रेक दाबला होता. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत असतानाच लावायला मुलाला शिकवा.

दुसरे म्हणजे खडूत गारगोट्या असतात. फुटलेल्या गारगोटीची कड काचेसारखी धारदार असते आणि ती टायरची बाजूची भिंत चिरते. ट्यूबलेस टायरमधले सीलंट, म्हणजे आत भरलेला चिकट द्रव, लहान भोक बुजवते, चीर बुजवत नाही. त्यासाठी एक जादा ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा जवळ ठेवा.

घोडेस्वार भेटतील तेव्हा दुरूनच आवाज द्या. घोड्याला मागून निःशब्द येणारी वस्तू सर्वांत घाबरवते. माणसाचा आवाज ऐकला की तो शांत राहतो. स्वार ‘या’ म्हणेपर्यंत मागेच थांबा आणि मग चालण्याच्या वेगाने, भरपूर अंतर राखून पुढे जा. फाटके जशी असतील तशीच ठेवा, म्हणजे उघडे होते ते उघडे आणि बंद होते ते बंद. मुलाला पुढे पाठवलेत तर हे काम त्याचे, आणि फाटक धरून उभे राहण्यात त्याला विसावाही मिळेल.